सूर्याच्या मागोमाग

मुले संगणकावर खेळत बसतात, ही तक्रार आता आपल्या घरांतून इतकी रुळली आहे की, ती करताना 'कोणता खेळ?' असे विचारण्याचे कोणाला सुचतही नाही. वास्तविक खेळाखेळांत पुष्कळ अंतर असते. पत्ते कुटणे आणि बुद्धिबळ मांडणे यांना आपल्या आजोबांनीही एका मापाने मोजले नव्हते.

'स्पेस इंजिनियर्स' हा असाच एक निराळा खेळ आहे. प्राग शहरातील कीन सॉफ्टवेअर हाऊस या कंपनीने तो २०१३ साली प्रथम बाहेर आणला आणि २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. खेळणारा एखाद्या ओसाड ग्रहावर किंवा लघुग्रहावर एकटा असतो. दगड फोडून धातू काढावयाचा, त्यातून ठोकळे घडवावयाचे, त्यांचे घर, कारखाना, यान उभारावयाचे, असा सारा व्यवहार. श्वासाला लागणारा प्राणवायूही यंत्राने तयार करावा लागतो आणि यंत्राला वीज लागते. वीज संपली की खेळ संपला! प्रारंभी ही वीज बहुधा सौर पॅनेलमधून मिळवावी लागते, आणि खरी गंमत येथे सुरू होते.

पॅनेल सूर्याकडे तोंड करून असेल तर पूर्ण वीज देते. ते साठ अंशांनी कलले की वीज निम्म्यावर येते. दहा अंशांनी कलले तर मात्र घट जेमतेम दीड टक्का. दहावीच्या पुस्तकातील त्रिकोणमितीत कोज्या नावाची जी बाई विद्यार्थ्यांना छळते, तिचाच हा प्रताप. खेळातील दिवस सहसा दोन तासांचा असतो, म्हणजे सूर्य मिनिटाला तीन अंश सरकतो. पॅनेल एका जागी खिळून ठेवले तर दिवसाचा मोठा भाग वाया जातो. म्हणून ते फिरत्या सांध्यावर बसवून सूर्यामागोमाग आपोआप वळवावयाचे, ही विद्या खेळणाऱ्याला आत्मसात करावी लागते. (जाता जाता सांगावयास हवे की या खेळात ग्रह स्थिर असून सूर्यच भोवती फिरतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले, हे त्या प्रागकरांना कोणी कळविले नसावे.)

आपण माळव्यातील लोकांना हा प्रश्न परका वाटू नये. उज्जैनची वेधशाळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. सवाई जयसिंहाने ती अठराव्या शतकात बांधली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे सुमारे तेवीस अंशांच्या कोनात उभी आहे. त्यामुळे तिची कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते आणि तिची सावली दर तासाला बरोबर पंधरा अंश सरकते. पॅनेलचा सांधा असाच आसाला समांतर बसविला तर एकाच सांध्याने दिवसभराचा सूर्य गाठता येतो. भिंत स्थिर, सावली फिरती. येथे पॅनेल फिरते, एवढाच फरक.

आता सांधा फिरवावयाचा कसा? एक मार्ग घड्याळाचा: ठराविक गतीने तो फिरत ठेवावा. परंतु दररोज थोडी थोडी चूक साचते आणि आठवड्याने पॅनेल भलतीकडेच पाहू लागते. दुसरा मार्ग आज्ञावलीचा. पॅनेल किती वीज देते ते पाहावे. थोडे वळवून पुन्हा पाहावे. वाढली तर त्याच दिशेने जावे, घटली तर उलट फिरावे. अंधारात डोंगर चढणारा मनुष्य पावलाने चढ चाचपतो, तसेच हे.

माझ्या शाळेतील दहावीच्या एका विद्यार्थ्याने हाच दुसरा मार्ग धरला होता. त्याचे वडील किराणा दुकानदार. बोर्डाची परीक्षा चार महिन्यांवर आली, तेव्हा ते मुलाला घेऊन माझ्याकडे आले. "सर, संगणक विकून टाकतो, तुम्हीच सांगा याला," असे म्हणाले. मी मुलाला फळ्यापाशी उभे केले आणि काय करतोस ते वडिलांना समजावून सांग, असे सांगितले. त्याने कोनांचे कोष्टक लिहिले. रात्रीची अडचणही सांगितली. मावळतीला पॅनेल पश्चिमेकडे तोंड करून थांबते. सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी उगवतो, आणि पाठमोरे पॅनेल शून्यच दाखवते. म्हणून वीज शून्यावर येताच ते पूर्वेकडे परत न्यावयाचे, असे त्याने ठरविले होते. वडील बराच वेळ गप्प होते. मग एकच विचारले, "आणि ढग आले तर?"

मुलगा निरुत्तर झाला. ढगाने वीज घटली की आज्ञावलीला वाटते, आपली दिशा चुकली, आणि ती उलट फिरू लागते. त्या खेळात हवामानही असते आणि वादळात पॅनेलची वीज खरोखर कमी होते. तिसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. दोन लहान पॅनेले घराच्या छपराच्या दोन पाखांप्रमाणे एकमेकांकडे पाठ करून बसवावयाची आणि जिकडे वीज जास्त तिकडे वळावयाचे. ढगाने दोन्हींची वीज सारखीच घटते, त्यामुळे फसगत होत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन टाकले तर काटा हलत नाही, हे दुकानदाराच्या मुलाला सुचावे यात नवल नाही.

हे सारे पोरखेळच आहे, असे कोणी म्हणेल त्याला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे बोट दाखवावे लागेल. ते सुमारे नव्वद मिनिटांत पृथ्वीची एक फेरी करते, म्हणून त्याचे पंख मिनिटाला सुमारे चार अंश वळत राहतात. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये उजव्या बाजूच्या मोठ्या सांध्यात धातूचा कीस सापडला आणि त्या बाजूचे आपोआप वळणे आवरते घ्यावे लागले. पुढील वर्षीच्या नोव्हेंबरात अंतराळवीरांनी बाहेर जाऊन तो सांधा पुसला, त्यास वंगण दिले, त्यातील धारवा बदलल्या. त्या कामात हत्यारांची एक पिशवी हातून सुटून अवकाशात निघून गेली. वंगणाची पिचकारी गळली होती, ती पुसताना हे घडले!

संगणक विकला गेला नाही. परीक्षा होईपर्यंत दिवसातून एक तास, तोही गणिताची उजळणी झाल्यावर, असे बापलेकांत ठरले. उत्तरायण-दक्षिणायनाचे काय, हे मी अद्याप त्याला विचारलेले नाही, ते परीक्षेनंतर.