नादारीतही न सुटणारे दोन हजार

पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. प्राप्तिकर भरणारा त्याला पात्र नाही. तरी अशा अनेकांच्या खात्यात पैसे जमा झाले आणि मग राज्यभर तहसीलदारांच्या वसुलीच्या नोटिसा निघाल्या. समजा, शिरपूरच्या अशाच एखाद्या शेतकऱ्याचे कापसात दिवाळे निघाले, तर?

व्यक्तींच्या दिवाळखोरीची 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतली तरतूद, कंपन्यांचे वैयक्तिक जामीनदार सोडले तर, अजून लागू झालेली नाही. त्यामुळे चालतो तो इंग्रजांचा 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे धुळ्याला. त्यात किमान कर्जाची अट 500 रुपयांची. एका हप्त्याच्या परतफेडीतच माणूस ‘पात्र’!

खरी मेख कलम 44 मध्ये आहे. न्यायालयाने मुक्तता दिली की खत-बियाणेवाल्याची उधारी सहसा मिटते, सरकारी देणे मात्र मानगुटीवर राहते. शिवाय कलम 61 प्रमाणे मालमत्तेच्या वाटपातही सरकार पुढच्या रांगेत. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे जादा गेलेले पैसे, लबाडी नसेल तर, दिवाळखोरीत माफ होऊ शकतात. आपल्याकडे प्रामाणिक चूक आणि लबाडी एकाच तागडीत, हे काही पटत नाही. नोटीसच चुकीची असेल, तर विवरणपत्रे घेऊन आधी तहसील गाठावे; वकिलाची फी वाचते.