जुना कोड चालू ठेवायला काय जातं?

लायब्ररीची नवी आवृत्ती काढायची वेळ आली की कुणीतरी हमखास म्हणतं, “कम्पॅटिबिलिटी लेयर ठेवूया ना, जुना कोड चालत राहील, चार ओळींचं तर काम!” हे ऐकून कान किटले आहेत. म्हणून आधी त्याचाच समाचार.

गैरसमज : लेयर ठेवल्याने कुणाचंच नुकसान होत नाही.

वस्तुस्थिती : चार ओळी लिहायला काही जात नाही, सांभाळायला जातं. प्रत्येक बदल जुन्या आणि नव्या अशा दोन्ही वाटांनी तपासावा लागतो. वर लेयरच लोकांच्या अंगवळणी पडतो. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कने डिसेंबर २०१७ मध्ये, आवृत्ती २.० पासून, पायथन २ सोडलं. पण बाहेरच्या ॲप्सना सवड मिळावी म्हणून जुन्या पायथनसाठीचे काही खासगी दुवे ठेवले. डिसेंबर २०१९ मध्ये ३.० ने ते काढले, तेव्हा त्यांच्यावर विसंबलेली पॅकेजं इम्पोर्टच्या ओळीलाच अडकली. आधार केव्हाच गेला होता, सवय तेवढी उरली होती!

मग लेयर नकोच? तसंही नाही. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, तेव्हा कोड एकदाच ‘टू-टू-थ्री’ साधनातून काढला की झालं, अशी अपेक्षा होती. पण प्रोग्राम पुढे न्यायचा तर त्याच्या सगळ्या लायब्ऱ्या आधी पुढे जायला हव्यात, आणि लायब्ऱ्यांचे वापरकर्ते तर अजून मागेच. त्यामुळे एकाच कोडने दोन्हीकडे चालणं भाग पडलं. ही गरज ‘सिक्स’ या छोट्या लायब्ररीने भागवली. पुढे भाषेनेही माघार घेतली : स्ट्रिंगपुढचा ‘यू’ पायथन ३ ने काढला होता, तो २०१२ मध्ये ३.३ ने परत आणला. इथे लेयर खरोखर हवा होता.

म्हणून आधी हे तपासा. लायब्ररी वापरणारा सगळा कोड तुमच्याच हातात आहे? एका दमात बदला, लेयर नको. वापरकर्त्यांना जुन्या आवृत्तीवर थांबता येतं? मग तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या द्या. पायथन २ वर चालणाऱ्या जँगो १.११ ला त्या एप्रिल २०२० पर्यंत मिळाल्या. पायथन २ चा अधिकृत आधार त्याआधीच, १ जानेवारी २०२० ला संपला होता. पण एकाच प्रोग्राममधल्या दोन पॅकेजांना तुमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागतात आणि लोड एकच होते? मग मात्र लेयर द्याच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“मेजर आकडा वाढवला की काहीही मोडायला मोकळे.” सिमॅंटिक व्हर्जनिंगचा नियम तशी मुभा देतो, वापरणाऱ्याचं काम त्याने कमी होत नाही.

“डेप्रिकेशनची वॉर्निंग दिली, म्हणजे सगळ्यांना कळलं.” पायथन ही वॉर्निंग आपणहून सहसा दाखवतच नाही, ३.७ पासून ती फक्त मुख्य स्क्रिप्टमधल्या कोडसाठी दिसते.

“लिनक्स कधीच काही मोडत नाही.” हे वचन कर्नलवर चालणाऱ्या प्रोग्रामांना आहे. आतल्या ड्रायव्हरांचा इंटरफेस बदलत राहतो, आणि तो स्थिर का ठेवत नाही हे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्याच दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे.

तेव्हा लेयर ठेवायचाच असेल, तर तो कोणत्या आवृत्तीत काढणार हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. ते ठरवता येत नसेल, तर लेयर लिहायला घेऊ नका.