बुटींचा आश्रय ते मिशनचा राजीनामा

नागपूरकरांनो, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आपल्या शहराशी असलेलं नातं ठाऊक आहे का? धनाढ्य, विद्याव्यासंगी आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते इथे संस्कृत ग्रंथांचं काम करत. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांना बायबल दिलं. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला.

मला भिडतं ते पुढचं. येशूने एका श्रीमंत तरुणाला सांगितलं होतं, सगळं विकून गरिबांना दे. टिळकांनीही तशीच वाट धरली. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून, थेट ख्रिस्ती संन्यासी! साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूच्या अनुयायांचा बंधुसंघ सुरू केला. १९१९ मध्ये ते गेले. पण घरच्या ओढाताणीचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही वाहिला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचा.