बाबांची बर्फावरची शर्यत

बाबांना जाऊन आज दोन वर्षं झाली. नोकरीसाठी ते विस्कॉन्सिनला आले आणि जुन्या स्नोमोबाईल्सच्या प्रेमात पडले. तिथल्या सेनर गावात कार्ल एलिअसन यांनी १९२४ साली बोटीचं इंजिन लावून बर्फावर चालणारी घसरगाडी बनवली होती. जवळच्याच ईगल रिव्हरला १९६४पासून स्नोमोबाईल शर्यतींची डर्बी भरते. जानेवारीत जुन्या गाड्यांच्या शर्यतीही तिथे होतात. अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक, सगळा बर्फाचा, आणि वळणं फक्त डावीकडे.

या शर्यतींत बाबा चालवायचे ती स्की-डू स्नोमोबाईल पिवळी होती. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते मोजमाप बाबा दुसऱ्या कुणालाही करू देत नसत. इंजिनाची ताकद गाडीखाली फिरणाऱ्या पट्ट्यापर्यंत नेतो एक रबरी बेल्ट. थंडीत तो कडक होतो, म्हणून शर्यतीआधी तासभर बाबा तो जॅकेटच्या आत पोटाशी धरून बसायचे. मग बेल्ट चढवायचा, दोरी ओढायची, आणि निळा धूर!

वळणावर ते उजवा गुडघा सीटवर रोवून अख्खं शरीर डावीकडे बाहेर झोकून देत. तसं केलं नाही तर आतली स्की उचलली जाते आणि गाडी उलटते. पट्ट्याला खिळे नसतील, तर त्या बर्फावर पकडच मिळत नाही. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो.

अमेरिकेच्या उत्तर भागात राहत असाल, तर जानेवारीत एकदा ईगल रिव्हरला जाच. लहान मुलांना सोबत न्या, कानटोप्या विसरू नका.