वाइनची बाटली आणि मोहाची टोपली

(चिचगड, ता. देवरी, जि. गोंदिया येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाच्या नावात वाइन आहे. चिचगडच्या जंगलपट्ट्यात वाइनचं काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल. सांगतो. वाइन घेणारा माणूस चार गोष्टी बघतो. माल कसा निवडायचा, कसा ठेवायचा, कसा वाढायचा आणि त्याचं मोल काय धरायचं. हेच चार प्रश्न आज आपल्याला मोहफुलाला विचारायचे आहेत. नाशिकच्या द्राक्षवाल्याकडे या चारही प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून त्याच्या मालाला नाव आहे. आपल्याकडे फूल आहे, मेहनत आहे, पण उत्तरं पोत्यात मिसळून जातात. दारू प्या असं सांगायला मी आलेलो नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आधी एक फरक

वाइन आणि दारू एक नव्हे. गोड रस आंबला की त्यातल्या साखरेचं अल्कोहोल होतं. द्राक्षाचा रस आंबवून थांबलं, की वाइन. तिच्यात अल्कोहोल साधारण 11 ते 14 टक्के असतं. तोच आंबवलेला रस तापवून वाफ थंड केली, म्हणजे ऊर्ध्वपातन केलं, की कडक मद्य. द्राक्षापासून ब्रँडी होते, काजूच्या बोंडापासून फेणी होते, मोहफुलापासून मोहाची दारू होते. म्हणजे मोहाची दारू वाइनची बहीण नाही, ब्रँडी-फेणीची बहीण आहे. पण तिघींचं मूळ एकच, साखर. आणि वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या साधारण निम्मी साखरच असते. म्हणून हे फूल आधी अन्न आहे, दारू नंतर.

निवड

वाइनच्या बाटलीवर तीन गोष्टी वाचायच्या: द्राक्षाची जात, प्रदेश आणि साल. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या जाती, शिराझ ही लाल वाइनची. साल म्हणजे द्राक्ष काढल्याचं वर्ष. युरोपात द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला काढतात. आपल्याकडे पावसाळा संपता संपता छाटणी होते आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. "जितकी जुनी तितकी चांगली" हा मोठा गैरसमज आहे. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. वर्षानुवर्षं सुधारत जाणाऱ्या वाइन फार थोड्या, आणि त्याही नीट ठेवल्या तरच.

आता मोहाकडे या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे आपोआप गळतात, झाडाखाली सडा पडतो. चांगलं फूल कोणतं? त्याच सकाळी पडलेलं, भरदार, पिवळट पांढरं, पुंकेसर आणि माती नसलेलं. दिवसभर जमिनीवर राहिलेलं फूल तुडवलं जातं, आंबू लागतं, त्याला वास लागतो.

इथे एक सवय सांगावी लागते. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्याने वणवा लागतो, झाडाची रोपं जळतात आणि फुलाला राख व धुराचा वास लागतो. त्याऐवजी झाडाखाली जुन्या साड्या अंथरा किंवा जाळी बांधा. फूल मातीला लागतच नाही. खाण्याच्या दर्जाचा मोह घेणारे खरेदीदार हाच माल मागतात. दुसरं म्हणजे अंधारात एकट्याने झाडाखाली जाऊ नका. अस्वलालाही मोह आपल्याइतकाच आवडतो. चार जण मिळून, बोलत बोलत, उजाडल्यावर जा.

साठवण

वाइनचे तीन शत्रू आहेत: उष्णता, उजेड आणि हवा. तिला 12 ते 15 अंश तापमान मानवतं. बुचाची बाटली आडवी ठेवतात, कारण बूच ओलं राहिलं तर हवा आत जात नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. अशा उन्हाळ्यात कपाटावर ठेवलेली वाइन आतल्या आत शिजते. फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. नसेल तर उन्हाळ्यात बाटली आणून साठवूच नका. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, त्यानंतर ती व्हिनेगरकडे झुकते.

मोहाचा शत्रू मात्र एकच, ओल. ताज्या फुलात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. पाच किलो ताजी फुलं वाळवली की किलोभर हाती येतात. ती जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा बांबूच्या ताटीवर पातळ पसरा आणि रोज उलटा. रात्री झाकून ठेवा. फूल तांबूस तपकिरी झालं, मुठीत दाबलं तरी गोळा झाला नाही, की वाळलं समजा. अर्धवट वाळलेल्या फुलाचं वजन जास्त भरतं, म्हणून विकायचा मोह होतो. पण तेच फूल पोत्यात बुरशी धरतं, आणि पुढच्या वर्षी व्यापारी आधीच भाव पाडतो.

वाळलेलं फूल कोरड्या ढोलीत किंवा आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यात भरा. पोतं भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा. पोत्यावर गावाचं नाव आणि वेचल्याचा महिना लिहा. वाइनच्या बाटलीवर जे लिहितात, तेच हे. यात खर्च काहीच नाही.

वाढणं

लाल वाइन "रूम टेंपरेचर"ला द्यावी, असं पुस्तकात वाचायला मिळतं. ती खोली युरोपातली, थंड. आपल्या खोलीचं तापमान धरलं तर वाइन कोमट लागेल आणि नुसतं अल्कोहोल नाकात जाईल. लाल वाइन 16 ते 18 अंशांवर द्या, म्हणजे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून. पांढरी 8 ते 10 अंशांवर. पेला एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे वास वर राहतो. वास आधी घ्या. व्हिनेगर किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बाटली बिघडली आहे.

मोहाचं वाढणं दोन प्रकारचं. पहिलं ताटातलं. उकडलेली किंवा भाजलेली फुलं तिळासोबत, मोहाचे लाडू, मोह घातलेली भाकर. दुष्काळात आणि पावसाळ्याच्या तोंडावर या फुलाने अनेक घरं जगवली आहेत. दुसरं वाढणं पानाच्या दोन्यातलं. गोंड समाजात पूर्वजांना, पेनांना मोहाचा थेंब आधी जमिनीवर सोडतात, मग माणसं घेतात. कधी, कुणी, किती घ्यायची, याला त्या रीतीत मर्यादा होती. ती मर्यादा सुटली आणि रोजची बाटली झाली, तिथून घरं मोडायला लागली. हे इथल्या बायांना मी सांगायची गरज नाही.

मोल

महाग वाइन म्हणजे चांगली वाइन, असं समजू नका. किमतीत कर, काच, जाहिरात आणि नाव असतं. नाव मात्र कमवावं लागतं. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. गोव्याच्या फेणीला ते 2009 मध्ये मिळालं, आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. फेणीही एकेकाळी गरिबाची, गावठी म्हणूनच हिणवली जायची.

मोहाच्या वाट्याला मानांकनाऐवजी कायदा आला. 1892 मध्ये मुंबई इलाख्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलाचा कायदा झाला. आपलं चिचगड तेव्हा मध्य प्रांतात, भंडारा जिल्ह्यातली जमीनदारी होती, त्यामुळे तो कायदा इथला नव्हे. पण फुलालाच गुन्हेगार समजण्याची नजर तिथून पुढे आली आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलावर तरतुदी आल्या. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलाच्या साठवणीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. म्हणजे आता फूल ठेवायला भीती नको. भीती नसेल तर थांबता येतं, आणि थांबता आलं तर भाव मिळतो.

साधा हिशोब करू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा एप्रिलमध्ये भाव 40 रुपये किलो आहे. घरात पैशाची निकड, म्हणून दोन क्विंटल विकले, 8,000 आले. श्रावणात तोच भाव 60 झाला आणि घरच्या गरजेला अर्धा क्विंटल परत विकत घेतला, 3,000 गेले. आपलंच फूल आपण किलोमागे 20 रुपये जास्त देऊन घेतलं. ही गोष्ट मोहाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं चालू आहे. वनहक्क कायदा 2006 ने गौण वनोपजावर हक्क दिला आहे. बचत गटाने किंवा ग्रामसभेने साठवण केली, निकडीपुरती उचल दिली आणि माल एकत्र विकला, तर हा फरक गावात राहतो.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मग घरीच गाळलेली दारू चांगल्या बाटलीत भरून विकली तर?*

नाही. परवान्याशिवाय गाळणं आणि विकणं हा गुन्हा आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे.

*प्रश्न: दारूत भेसळ आहे, हे ओळखायचं कसं?*

घरी ओळखता येत नाही, हे लक्षात ठेवा. मिथेनॉल रंगाने, वासाने, चवीने कळत नाही. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. पिऊन काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही, नजर धूसर झाली, पोटात दुखलं, श्वास जोरात चालू लागला, तर लिंबूपाणी देत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि काय प्यायलं ते खरं सांगा. वेळेवर उपचार झाले तर जीवही वाचतो आणि डोळेही.

*प्रश्न: यंदा एकच गोष्ट करायची, तर कोणती?*

झाडाखाली आग लावू नका, साडी अंथरा. स्वच्छ फूल हाती आलं, की बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.