कालवांच्या शत्रूचें कूळ

“ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये,” अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या बाबतींत तिच्यांत शहाणपण असेल. रोगजंतूंच्या बाबतींत मात्र ती पाळून चालत नाहीं. शत्रु कोणत्या कुळांतला हें कळल्यावांचून त्याची चाल ओळखतां येत नाहीं. समुद्रांतील कालवांस ग्रासणाऱ्या एका एकपेशी जीवाची कथा या दृष्टीनें मोठी उद्बोधक आहे.

इ. स. १९४० नंतरच्या दशकांत, अमेरिकेच्या लुइझियाना संस्थानाच्या किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखातांत, कालवें मोठ्या संख्येनें मरूं लागलीं. त्याच भागांत तेव्हां खनिज तेल काढण्याचें काम जोरांत चालूं होतें. साहजिकच कालवांवर पोट भरणाऱ्या लोकांचा रोष तेलकंपन्यांवर वळला व प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. मग कारणाचा शोध सुरू झाला. रोगट कालवांच्या मांसांत शास्त्रज्ञांस सूक्ष्म, वाटोळ्या पेशी आढळल्या. मॅकिन, ओवेन व कॉलिअर या तिघांनीं १९५० मध्यें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि हा जीव म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे असें समजून त्याचें नांव ‘डर्मोसिस्टिडियम मरिनम’ असें ठेविलें. दोनच वर्षांनीं रे या संशोधकानें त्याच्या तपासणीची सोपी रीत शोधून काढली. कालवाच्या मांसाचा तुकडा विशिष्ट द्रवांत कांहीं दिवस ठेवावा व त्यावर आयोडिनचें पाणी टाकावें, म्हणजे परोपजीवीच्या फुगलेल्या पेशी निळ्याकाळ्या दिसतात.

गुन्हेगार सांपडला, पण त्याचें कूळ कोणतें? १९६६ मध्यें त्याला बुरशींतून काढून ‘लॅबिरिंथोमिक्सा’ या निराळ्या वंशांत घालण्यांत आलें. पुढें पर्किन्स यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या पोहणाऱ्या बाल्यावस्थेचें निरीक्षण केलें. तेव्हां तिच्या एका टोकाशीं, हिंवतापाच्या जंतूंत असते तशा धर्तीची रचना दिसून आली. म्हणून १९७८ मध्यें लेव्हिन यांनीं त्याला हिंवतापाच्या जंतूंच्या संघांत बसविलें व पर्किन्स यांच्या नांवावरून ‘पर्किन्सस मरिनस’ असें नवें नांव दिलें. अवघ्या अठ्ठावीस वर्षांत या जीवाचें गोत्र असें पुनःपुन्हां बदललें!

यांत शास्त्रज्ञांचा हलगर्जीपणा नव्हता. परान्नावर जगणाऱ्या जीवाची रीतच अशी आहे कीं, अन्न व निवारा आयता मिळूं लागला म्हणजे तो आपले कित्येक अवयव हळूहळू गमावतो. मग भिन्न कुळांतले जीवहि सारखेच वाटोळे व साधे दिसतात. केवळ चेहऱ्यावरून नातें ठरवूं जाणारा येथें फसावयाचाच.

परंतु चेहरा बदलला तरी घरची पोथी टिकून राहते. ही पोथी म्हणजे पेशींतील डी. एन. ए. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति कशी सिद्ध झाली, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. दोन हस्तलिखितांत एकच विशिष्ट पाठभेद वारंवार आढळला, तर तीं एकाच मूळ प्रतीवरून उतरलीं असावींत असें अनुमान निघतें. डी. एन. ए. चेंहि तसेंच आहे. प्रत्येक पेशींत प्रथिनें तयार करणारे रायबोसोम नांवाचे सूक्ष्म कारखाने असतात. त्यांच्या घडणीचा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या नकलला जातो व फार सावकाश बदलतो. त्यांतील पाठभेद ताडून पाहिले म्हणजे दूरचीं नातीं कळतात. त्याच्या शेजारीं झपाट्यानें बदलणारा मजकूर असतो. त्यावरून जवळच्या भावंडांतला भेद कळतो. कालवाच्या मांसांत परोपजीवीचा अंश अत्यल्प असला, तरी त्याच्या मजकुराच्या प्रयोगशाळेंत असंख्य प्रती काढतां येतात.

या पद्धतीनें ऑस्ट्रेलियांतील गॉगिन व बार्कर यांनीं १९९३ मध्यें पर्किन्सस वंशाचा मजकूर तपासला. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. हिंवतापाच्या जंतूंशीं याचें नातें दूरचें. जवळचे आप्त म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नांवाचे समुद्रांत तरंगणारे सूक्ष्म जीव! कोंकणच्या किनाऱ्यावर रात्रीं ज्यांच्यामुळें लाटा चमकतात, ते जीव याच गोतावळ्यांतले.

हा सारा पंडितांचा वाद असें मात्र कोणीं समजूं नये. १९८१ मध्यें दक्षिण ऑस्ट्रेलियांत अ‍ॅबलोनी या समुद्री गोगलगाईंत ‘पर्किन्सस ओल्सेनी’ ही जात सांपडली होती. १९८९ मध्यें पोर्तुगालच्या शिंपल्यांत ‘पर्किन्सस अटलांटिकस’ ही दुसरी. २००२ मध्यें डी. एन. ए. ची पडताळणी होऊन या दोन्ही जाती एकच असल्याचें प्रतिपादन झालें. म्हणजे ज्यांस दोन देशांचे दोन स्थानिक शत्रु समजत होते, तो जगभर पसरलेला एकच शत्रु होता. २०१० मध्यें आपल्या आग्नेय किनाऱ्यावरील मोत्यांच्या शिंपल्यांतहि तोच आढळल्याचें भारतीय संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. रे यांच्या आयोडिननें वंश कळतो, जात कळत नाहीं. ती ओळख डी. एन. ए. नेंच पटते. ‘मरिनस’ व ‘ओल्सेनी’ यांचा प्रादुर्भाव आढळल्यास जागतिक पशुआरोग्य संघटनेस कळवावें लागतें. म्हणून शिंपल्यांचें बीं एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेण्यापूर्वीं आंत कोण दडला आहे, हें नेमकें ठाऊक असणें अगत्याचें ठरतें. या जीवापासून माणसास रोग होत नाहीं. परंतु मोत्यांवर व शिंपल्यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांच्या घरची चूल मात्र तो विझवूं शकतो.

अमेरिकेंतील कालवेवाले या रोगास अजून ‘डर्मो’ म्हणतात. बुरशीच्या कुळांतून तो जीव केव्हांच बाहेर पडला. तेथलें अर्धें नांव मात्र त्यास चिकटून राहिलें आहे.