नव्या गाडीचं ऑइल कधी बदलायचं?

आपल्याकडे बऱ्याच घरांत गाडी हप्त्यांवर येते आणि मग अगदी जपून वापरली जाते. आमचीही वर्षभरात जेमतेम ३,००० किलोमीटर चालली. ‘एवढ्यात ऑइल कशाला बदलायचं?’ असं आम्हालाही वाटलं होतं. पण हिशेब नुसत्या किलोमीटरचा नसतो, महिन्यांचाही असतो.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांना कंपनी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ती मुदत देते. बाजार, शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. मग आत साचलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून न जाता ऑइलमध्येच राहतो. म्हणून कमी चाललेल्या गाडीचंही ऑइल खराब होतं. धूळ आणि ट्रॅफिक जास्त असेल तर ते आणखी लवकर बदलावं लागतं.

१,००० किलोमीटरची पहिली फ्री सर्व्हिस बहुतेक वेळा फक्त तपासणीची असते, तेव्हा ऑइल बदललंच असं धरून चालू नका, विचारून घ्या. नुसतं काळं दिसलं म्हणूनही घाई नको. गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा, त्यात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला, सोबत फिल्टरही बदला. आणि बिल जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.